गुणतक्ता खरं बोलतो का?



"मराठी विभागासाठी काहीतरी लिही" असं सरांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलते, पण एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत अजूनही गडबडते. (म्हणून या लेखात सगळे आकडे अंकांतच लिहिले आहेत, सांभाळून घ्या!) पण या लेखाचा प्रश्न मला ज्याने विचारला त्याने तो मराठीत विचारला होता, आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. म्हणून उत्तरही मराठीतच.

गोष्ट गेल्या वर्षीच्या आपल्या हॉस्टेल कबड्डी स्पर्धेची आहे. सहा संघ होते : सिव्हिल, मेकॅनिकल, ईअँडटीसी, कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल आणि एफ.ई. मला कबड्डीतलं फार कळत नाही, पण एक्सेल येतं. त्यामुळे गुणलेखकाच्या टेबलावर मला बसवण्यात आलं आणि नियमही मीच लिहिले. सहा संघांनी प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर ६ × ५ ÷ २ = १५ सामने लागतात. सबमिशन डोक्यावर आलेलं, संध्याकाळी मैदानावर दिवे नाहीत. म्हणून मी चिठ्ठ्या टाकून ९ सामने ठरवले. प्रत्येकाला तीन. विजयाला २ गुण, बरोबरी झाली तर १, पराभवाला शून्य. गुण सारखे झाले तर गुणफरक बघायचा. पहिले दोन संघ फायनलला.

निकाल असे लागले :

मेकॅनिकलने सिव्हिलला २ गुणांनी हरवलं.
सिव्हिलने ईअँडटीसीला ३ गुणांनी हरवलं.
ईअँडटीसीने मेकॅनिकलला ५ गुणांनी हरवलं.
सिव्हिलने कॉम्प्युटरला ४ गुणांनी हरवलं.
मेकॅनिकलने इलेक्ट्रिकलला १२ गुणांनी हरवलं.
ईअँडटीसीने एफ.ई.ला ६ गुणांनी हरवलं.
कॉम्प्युटरने इलेक्ट्रिकलला १४ गुणांनी हरवलं.
कॉम्प्युटरने एफ.ई.ला ३१ गुणांनी हरवलं.
इलेक्ट्रिकलने एफ.ई.ला ८ गुणांनी हरवलं.

आता तक्ता करा. कॉम्प्युटर, मेकॅनिकल, ईअँडटीसी आणि सिव्हिल, चौघांचेही दोन विजय, एक पराभव, ४ गुण. मग गुणफरक : कॉम्प्युटर +४१, मेकॅनिकल +९, ईअँडटीसी +८, सिव्हिल +५. फायनल झाली कॉम्प्युटर विरुद्ध मेकॅनिकल. सिव्हिल चौथे.

सिव्हिलचा कॅप्टन फायनल इयरला होता. आष्टी तालुक्यातला. घरचे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, हा इथे हॉस्टेलवर राहून शिकला. कॉलेजच्या संघाची निवड करायला क्रीडा शिक्षक फक्त फायनलला येणार होते, आणि त्याचं ते शेवटचं वर्ष. तक्ता नोटीस बोर्डावर लावला तेव्हा तो माझ्याकडे आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "कॉम्प्युटरला आमी हरवलं. मग ते पयले आन आमी चौथे कसं? आमी कुठं हरलो ते तरी दाव."

मी म्हटलं, "दादा, गुणफरक." तो म्हणाला, "आमच्या तालुक्यातला साबळे पळतो तवा घड्याळ असतं. आमाला काय तुझं एक्सेल?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही.

घड्याळ आणि तक्ता यांतला फरक

दादा म्हणत होता ते अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण मिळवणाऱ्या केनियाच्या धावपटूची वेळ होती ८:११.१५. फरक ०.०५ सेकंदांचा. पण त्या निकालावर वाद घालायला जागाच नाही. दोघे एकाच ट्रॅकवर, एकाच वेळी, तेच अडथळे ओलांडून धावले आणि घड्याळ दोघांना एकच होतं. हे झालं निरपेक्ष मोजमाप.

कबड्डी, क्रिकेट, फुटबॉल, बुद्धिबळ यांना घड्याळ नाही. (म्हणजे वेळ लावायला असतं, ताकद मोजायला नसतं.) इथे संघाची ताकद थेट मोजता येत नाही. 'अ'ने 'ब'ला हरवलं, 'ब'ने 'क'ला हरवलं एवढीच माहिती मिळते आणि त्यावरून क्रम लावायचा असतो. त्यात 'क'ने 'अ'ला हरवलं की झालं चक्र! आमच्या स्पर्धेत सिव्हिल, ईअँडटीसी आणि मेकॅनिकल यांच्यात नेमकं हेच घडलं. म्हणजे लीगचा तक्ता हे मोजमाप नसून अंदाज आहे. आणि अंदाज म्हटला की तो कसा काढला हे विचारायचा अधिकार प्रत्येक खेळाडूला असतो.

गुणफरकाचं दुखणं

आधी बघू की मोठे लोक काय करतात. आयपीएलमध्ये गुण सारखे झाले की नेट रनरेट बघतात : आपण प्रत्येक षटकामागे काढलेल्या धावा वजा आपल्याविरुद्ध प्रत्येक षटकामागे निघालेल्या धावा. १८ मे २०२४ ला बंगळुरूत बंगळुरू आणि चेन्नई यांचा सामना झाला. बंगळुरूने २१८ धावा केल्या. चेन्नईला जिंकायला २१९ हव्या होत्या, पण प्लेऑफला जायला २०१ पुरेशा होत्या! आपल्या पुण्याचा ऋतुराज गायकवाड चेन्नईचा कर्णधार होता. चेन्नई १९१ वर थांबली. दोघांचे १४ गुण झाले, बंगळुरूचा रनरेट +०.४५९, चेन्नईचा +०.३९२. बंगळुरू पुढे, चेन्नई घरी. त्याच हंगामातल्या पहिल्या सामन्यात चेन्नईने बंगळुरूला हरवलं होतं, म्हणजे आपसातला हिशोब १-१. इथे रनरेट वापरणं निदान समजण्यासारखं आहे.

पण २०१९ चा विश्वचषक बघा. न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे पाच विजय, तीन पराभव, एक सामना पावसात वाया, ११ गुण. साखळीत पाकिस्तानने न्यूझीलंडला सहा गडी राखून हरवलं होतं. तरी उपांत्य फेरीत न्यूझीलंड गेलं, कारण त्यांचा रनरेट +०.१७५ आणि पाकिस्तानचा -०.४३०. पाकिस्तानचं एवढं नुकसान कुठे झालं? मुख्यतः पहिल्याच सामन्यात. वेस्ट इंडीजविरुद्ध ते १०५ मध्ये सर्वबाद झाले. संघ सर्वबाद झाला की रनरेटसाठी पूर्ण ५० षटकं धरतात, म्हणून त्यांचा वेग १०५ ÷ ५० = २.१०. वेस्ट इंडीजने १०८ धावा १३.४ षटकांत (म्हणजे १३.६७) केल्या, त्यांचा वेग ७.९०. एका सकाळचा फरक -५.८०! पुढे पाच सामने जिंकूनही तो खड्डा भरला नाही.

आमच्या स्पर्धेतला खड्डा म्हणजे तो ३१ गुणांचा सामना. त्या दिवशी एफ.ई.चे तीन मुख्य खेळाडू इंटर्नल परीक्षेला बसले होते. कॉम्प्युटरच्या +४१ मधले ३१ त्या एका संध्याकाळचे. कॉम्प्युटरची मुलं वाईट खेळली असं मी म्हणत नाही. पण तीन खेळाडू नसलेल्या संघाला किती लोण दिले यावरून सिव्हिलपेक्षा ते चांगले ठरतात का? याला आपण लॅबमध्ये 'आउटलायर' म्हणतो आणि जर्नलमध्ये त्याभोवती गोल करतो. मी तक्त्यात त्यालाच पहिला नंबर दिला.

मला आधी वाटलं, गुणफरकाला मर्यादा घालू. एका सामन्यात जास्तीत जास्त १० धरू. मी पुन्हा हिशोब केला : कॉम्प्युटर +१६, ईअँडटीसी +८, मेकॅनिकल +७, सिव्हिल +५. दुसरा नंबर बदलला, पण सिव्हिल चौथेच राहिले. म्हणजे रोग वेगळाच होता.

रोग : कोणाशी खेळलात?

सीईटी आठवते ना? पेपर वेगवेगळ्या शिफ्टला असतात, एखादी शिफ्ट सोपी, एखादी अवघड. म्हणून नुसते गुण न धरता पर्सेंटाइल काढतात. कोणत्या शिफ्टला बसलात याची शिक्षा होऊ नये, हा त्यामागचा विचार. लीगमध्येही 'शिफ्ट' असतात, फक्त कोणी लक्ष देत नाही.

आयपीएलमध्ये १० संघ झाल्यापासून प्रत्येक संघ १४ साखळी सामने खेळतो : पाच संघांशी दोनदा आणि चार संघांशी एकदाच. म्हणजे सगळ्यांची प्रश्नपत्रिका सारखी नसते. आमच्याकडे तर हा फरक आणखी मोठा होता. सिव्हिल खेळलं मेकॅनिकल, ईअँडटीसी आणि कॉम्प्युटरशी. कॉम्प्युटर खेळलं सिव्हिल, इलेक्ट्रिकल आणि एफ.ई.शी. चिठ्ठीने सिव्हिलला अवघड शिफ्ट दिली.

याला सगळ्यात सोपा उपाय बुद्धिबळवाल्यांकडे आहे. स्विस पद्धतीच्या स्पर्धेत सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. म्हणून गुण सारखे झाले की तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज करतात. याला बुखहोल्झ पद्धत म्हणतात. पेन्सिल घ्या आणि आमच्या चार संघांसाठी प्रतिस्पर्ध्यांचे विजय मोजा :

सिव्हिल : मेकॅनिकल २ + ईअँडटीसी २ + कॉम्प्युटर २ = ६
मेकॅनिकल : सिव्हिल २ + ईअँडटीसी २ + इलेक्ट्रिकल १ = ५
ईअँडटीसी : सिव्हिल २ + मेकॅनिकल २ + एफ.ई. ० = ४
कॉम्प्युटर : सिव्हिल २ + इलेक्ट्रिकल १ + एफ.ई. ० = ३

हे मी हॉस्टेलच्या खोलीत रात्री केलं आणि वहीकडे बघतच बसले. ६, ५, ४, ३. सिव्हिल पहिले, कॉम्प्युटर चौथे. माझा तक्ता उलटा होता.

मॅट्रिक्स शेवटी कामाला आलं

बुखहोल्झमध्ये एक उणीव आहे. प्रतिस्पर्ध्याने दोन विजय मिळवले हे तो बघतो, पण ते कोणावर मिळवले हे बघत नाही. प्रतिस्पर्ध्याचे प्रतिस्पर्धी, त्यांचे प्रतिस्पर्धी, असं किती खोल जायचं? इथे आपलं एम-वन कामाला येतं. "मॅट्रिक्सचा उपयोग काय?" असं आपण सगळ्यांनी एकदा तरी विचारलेलं आहे. (उत्तर "एंड-सेमला १० मार्क" असं मिळालं होतं.)

वेस्ली कॉली नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने तिथल्या कॉलेज फुटबॉलसाठी एक पद्धत काढली. तिची सुरुवात अगदी साधी. ज्या संघाबद्दल काहीच माहीत नाही त्याचं रेटिंग ०.५ धरा. मग रेटिंग = (१ + विजय) ÷ (२ + सामने). एक सामना जिंकला तर २/३, हरला तर १/३. एका विजयावर कोणी १०० टक्के होत नाही, ही त्यातली शहाणी गोष्ट. त्यानंतर विजयांच्या संख्येत प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगप्रमाणे दुरुस्ती करायची. गणित आवरलं की प्रत्येक संघासाठी एक समीकरण मिळतं :

(२ + सामने) × स्वतःचं रेटिंग = १ + (विजय - पराभव) ÷ २ + सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची बेरीज

सिव्हिलसाठी : ५ × सिव्हिल = १.५ + मेकॅनिकल + ईअँडटीसी + कॉम्प्युटर. इलेक्ट्रिकलचा एक विजय, दोन पराभव, म्हणून तिथे १.५ ऐवजी ०.५. एफ.ई.चे तिन्ही पराभव, म्हणून -०.५. सहा संघ, सहा समीकरणं, सहा अज्ञातं. गॉस एलिमिनेशन करा किंवा एक्सेलमध्ये इन्व्हर्स घ्या. उत्तरं अशी येतात :

सिव्हिल ०.६५४
मेकॅनिकल ०.६२५
ईअँडटीसी ०.५९६
कॉम्प्युटर ०.५४६
इलेक्ट्रिकल ०.३७५
एफ.ई. ०.२०४

पडताळा हवा असेल तर सिव्हिलचं समीकरण बघा. डावीकडे ५ × ०.६५४ = ३.२७. उजवीकडे १.५ + ०.६२५ + ०.५९६ + ०.५४६ = ३.२६७. जमलं. सहाही रेटिंगची बेरीज ३ येते, म्हणजे सरासरी बरोबर ०.५. या पद्धतीत किती गुणांनी जिंकलात याला किंमतच नाही. त्यामुळे एफ.ई.ला ३१ ने हरवा किंवा १ ने, फरक पडत नाही. म्हणजे दुबळ्या संघाला चेचण्यात काही फायदाही उरत नाही.

कॉलीच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं रँकिंग ठरवायला एके काळी सहा संगणक पद्धती वापरत. त्यांत कॉलीने आपलं सूत्र पूर्ण उघड ठेवलं होतं. २०१० मध्ये त्याच्या आकड्यांत एका सामन्याचा निकाल भरायचा राहून गेला. सूत्र उघड असल्यामुळे बाहेरच्या एका माणसाने हिशोब करून चूक पकडली, आणि १० वा व ११ वा नंबर बदलावे लागले. चूक झाली हा कॉलीचा कमीपणा, पण ती सापडू शकली हा त्याच्या पद्धतीचा मोठेपणा. आपला गुणतक्ता कोणालाही पडताळता आला पाहिजे हे मी इथून शिकले.

एलो : हरलात तरी कोणाकडून?

वर्षभर किंवा अनेक वर्षं चालणाऱ्या खेळासाठी आणखी एक पद्धत आहे : एलो. हे नाव अर्पाड एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाचं. अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने ती १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना अशी, की सामन्याआधीच अपेक्षा काढायची. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल तर वरच्याकडून साधारण ०.७६ गुणाची अपेक्षा, खालच्याकडून ०.२४. मग प्रत्यक्ष निकाल वजा अपेक्षा, गुणिले एक ठरलेला आकडा, समजा २०. वरचा जिंकला तर त्याला फक्त २० × ०.२४ = ४.८ गुण. खालचा जिंकला तर त्याला २० × ०.७६ = १५.२. दुबळ्याला हरवून पोट भरत नाही, बलवानाला हरवलं की दिवाळी. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांच्या विश्वचषकात आपल्यापेक्षा जास्त रेटिंगच्या कोनेरू हम्पीला अंतिम फेरीत हरवलं, तेव्हा पेपरमध्ये आपण जे रेटिंगचे आकडे वाचत होतो ते हेच. फिफानेही महिला संघांच्या क्रमवारीसाठी २००३ पासून आणि पुरुष संघांसाठी २०१८ पासून याच धर्तीचं सूत्र घेतलं.

पण एलोला भरपूर सामने लागतात. तीन सामन्यांच्या हॉस्टेल स्पर्धेत ते वापरणं म्हणजे मुंगी मोजायला वे-ब्रिज. शिवाय एका हंगामाच्या लीगमध्ये जुन्या पुण्याईचे गुण कशाला? नवा हंगाम, सगळे शून्यावर, हाही एक न्यायच आहे.

नियम खेळाडूला काय शिकवतो?

क्रम लावणारा नियम फक्त मोजत नाही, तो खेळ बदलतो. प्रो कबड्डीत २०१४ पासून बरीच वर्षं विजयाला ५, बरोबरीला ३ आणि ७ किंवा कमी गुणांनी हरलेल्या संघाला १ गुण मिळायचा. दहाव्या हंगामात पुणेरी पलटण १७ विजय, ३ बरोबरी आणि २ पराभवांवर ९६ गुणांनी अव्वल ठरली : ८५ + ९ + २. तो शेवटचा २ म्हणजे कमी फरकाने हरल्याचं बक्षीस. याचा फायदा असा, की ९ गुणांनी मागे असलेला संघही शेवटच्या चढाईपर्यंत झगडतो. तोटा असा, की काही सामन्यांत मिळून ५ गुण वाटले जातात, काहींत ६. सगळ्या सामन्यांचं वजन सारखं राहत नाही. २०२५ च्या बाराव्या हंगामात ही पद्धत बदलून विजयाला २, पराभवाला ० असं सरळ केलं आणि बरोबरीचा निकाल टायब्रेकरने लावायचं ठरवलं.

नियम चुकला तर काय होतं याचा कळस १९९४ च्या कॅरिबियन फुटबॉल स्पर्धेत झाला. नियम होता, की जादा वेळेत केलेला गोल दोन धरायचा आणि तिथेच सामना संपवायचा. पुढे जायला बार्बाडोसला ग्रेनाडावर दोन गोलांनी विजय हवा होता. सामना संपत आला तेव्हा ते २-१ ने पुढे होते. मग त्यांनी काय केलं? मुद्दाम स्वतःच्याच जाळीत गोल मारून २-२ केलं, म्हणजे जादा वेळ मिळेल! मग ग्रेनाडाची पंचाईत. त्यांना कोणत्याही बाजूला गोल चालणार होता, म्हणून उरलेली मिनिटं बार्बाडोसला दोन्ही गोलपोस्ट सांभाळावे लागले. शेवटी जादा वेळेत गोल करून बार्बाडोस ४-२ ने जिंकलं. खेळाडूंनी फसवणूक केली नाही. त्यांनी नियम नीट वाचला होता, लिहिणाऱ्याने वाचला नव्हता. गेल्या वर्षीपर्यंत मीही त्याच लिहिणाऱ्यांतली होते.

तर माझ्या मते चांगल्या पद्धतीच्या कसोट्या या :

१. सगळ्यांची प्रश्नपत्रिका सारखी असावी. नसेल तर प्रतिस्पर्ध्याची ताकद हिशोबात धरावी.
२. हरून किंवा स्वतःवर गोल मारून कोणाचा फायदा होऊ नये.
३. एका विचित्र सामन्याने पूर्ण तक्ता उलटू नये.
४. नियम पहिल्या सामन्याच्या आधी ठरावेत, नंतर नाही.
५. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला बोटांवर हिशोब करता यावा.

पहिली आणि पाचवी कसोटी एकमेकींशी भांडतात. कॉलीची पद्धत न्याय्य आहे, पण मैदानात उभ्या मुलाला इन्व्हर्स मॅट्रिक्स सांगून त्याचं समाधान होत नाही. ज्या न्यायाचा हिशोब हरलेल्याला समजत नाही, तो त्याला चिठ्ठीसारखाच वाटतो.

मग उपाय काय?

सांगायला लाज वाटते, पण उपाय मॅट्रिक्समध्ये नव्हताच. वेळापत्रकात होता. गेल्या वर्षी आपण ९ सामने खेळलो, प्रत्येकी ४० मिनिटांचे. ९ × ४० = ३६० मिनिटं. आता १५ × २४ किती? ३६०! म्हणजे २० ऐवजी १२ मिनिटांचा अर्धा डाव केला असता, तर तेवढ्याच वेळात सगळे सगळ्यांशी खेळले असते. (मैदान बदलायला थोडा वेळ जास्त लागला असता, पण तो चहाला गेला त्यापेक्षा कमीच.) पूर्ण साखळी झाली की प्रतिस्पर्ध्यांची बेरीज बघायची गरजच उरत नाही, कारण सारखे गुण असलेल्या संघांची ती सारखीच येते. छोट्या सामन्यात नशिबाचा वाटा थोडा वाढतो हे मान्य. पण ते नशीब सगळ्यांना पाच-पाच वेळा मिळतं, चिठ्ठीचं एकदाच.

मोजमाप चुकलं की नंतर सूत्रं लावून दुरुस्त करण्यापेक्षा आधी मोजमापच नीट घ्यावं, हे सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला सर दरवेळी सांगतात. सिव्हिलवाल्यांना हे माहीत होतं, मी कॉम्प्युटरची असल्याने मला नव्हतं. हो, मी कॉम्प्युटरची. दादाने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण ब्रँचमधल्या मुलींनी फायनलच्या दिवशी माझ्या पाठीवर थाप मारली होती, त्याची आठवण अजून नकोशी वाटते.

या वर्षीच्या स्पर्धेचे नियम म्हणून आधीच नोटीस बोर्डावर लागले आहेत : १५ सामने, विजयाला २, बरोबरीला १. गुण सारखे झाले तर आधी आपसातला निकाल, मग गुणफरक (एका सामन्यात जास्तीत जास्त १०), मग पाच-पाच चढायांचा टायब्रेकर. शेवटच्या फेरीचे सामने मात्र एकाच वेळी घेता येणार नाहीत, कारण मैदान एकच. तिथे अन्याय शिल्लक आहे, तो मला सुटलेला नाही. कोणाला सुचलं तर जरूर सांगा. आणि निवड करणाऱ्या सरांना फायनलबरोबर साखळीचेही सामने बघायची विनंती केली आहे. ते हो म्हणाले आहेत.

दादा पास होऊन गेला. कॉलेजच्या संघात त्याचं नाव आलं नाही ते नाहीच. परीक्षा झाल्यावर मी त्याला सहा समीकरणांचा तो कागद फोटो काढून पाठवला आणि लिहिलं, "दादा, तुम्ही कुठेच हरला नव्हता." दोन दिवसांनी उत्तर आलं : "मेकॅनिकलकडून हरलो होतो, दोन गुणांनी. ते खरं हाय. बाकीचं तू बघ."

त्याने आपला पराभव प्रामाणिकपणे मोजला होता. तेवढंच आपल्या तक्त्यालाही जमलं पाहिजे. स्पर्धा सुरू झाली की टेबलापाशी या. वही उघडी असेल, चूक दिसली तर तिथेच सांगा.